एकही बाटली काळी पडली नाही

हिशेब तसा सरळ होता. हिरवडीच्या विहिरीचं पाणी वाईट निघालं असतं तरी चारुशीलाचा फायदाच होता आणि चांगलं निघालं तरी फायदाच. पाणी कसं आहे यापेक्षा ते कुणी तपासलं, यालाच आता भाव आला होता. गावानं स्वतः तपासलं, बायकांनी तपासलं, चौथी-पाचवीतून चुलीपुढं बसलेल्या बायकांनी तपासलं, एवढं म्हणता आलं की पुढचं आपल्या पायांनी चालत येणार होतं. सांगलीच्या कॉलेजातलं सूक्ष्मजीवशास्त्राचं विभागप्रमुखपद येणार होतं आणि त्या पदाबरोबर रस्त्याकडच्या खिडकीची खोलीही. विज्ञानात लोकांचा सहभाग वाढवायला सरकारनं नेमलेल्या समितीत एक खुर्ची मोकळी होती आणि तिच्यावर बसणाऱ्यानं गावात पाय ठेवलेला असावा अशी अपेक्षा होती. शिवाय साताऱ्याच्या परिषदेतलं भाषण होतं, आणि भाषणाला पहिल्या रांगेत तिचे वडील, तात्या. ही शेवटची रक्कम चारुशीला उघडपणे कुठं धरत नव्हती, पण बेरीज करताना ती आपोआप मिळवली जात होती. आता पाणी वाईट निघालं असतं तर हाच सगळा फायदा जरा भांडून घ्यावा लागला असता. पंचायत रुसली असती, कुणीतरी कुणाच्या तरी शोषखड्ड्याकडं बोट दाखवलं असतं. चांगलं निघालं तर तोच फायदा हारतुऱ्यांसकट मिळणार होता. सोललेला ऊस हातात मिळत असेल तर दात कोण लावतं? पाणी चांगलं निघालं. जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, गल्लीतल्या प्रत्येक घरात पूड घातलेली बाटली दिली होती, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं. पाणी काळं पडलं तर वाईट, नाही पडलं तर चांगलं. एकही बाटली काळी पडली नाही.

धक्का बसला तो अगदी किरकोळ, भांड्यावर झाकण पडावं तेवढ्या आवाजाचा. परिषदेत दाखवायला छोटी चित्रफीत हवी होती म्हणून चारुशीला त्या मंगळवारी आष्ट्याच्या पलीकडं उतरून हिरवडीत गेली होती. बाटली भरून दाखवणार होत्या त्या गल्लीतल्या चंपाबाईंनी इरकल लुगडं नेसलं होतं, कपाळ पुसून पुन्हा टिकली लावली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, पण कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं म्हणताना नव्या नवरीसारखी पदर सावरत होती. मोबाइल तीन पायांच्या स्टँडवर लावला. खिडकीतून ऊन येत होतं. दोरीवर पाणी गाळायचं दुपदरी फडकं वाळत घातलेलं, त्याच्या कडेनं एकेक थेंब लांबत होता. बाटली भरायची एवढंच काम. चंपाबाई बाटली घेऊन पुढं आल्या आणि थांबल्या.

"वाइच थांबा हं, मॅडम. निवलं का बघते."

"काय निवलं का?"

"पानी."

ओट्याच्या कोपऱ्यात झाकलेलं पातेलं होतं. झाकण काढलं तेव्हा आत अडकलेली वाफ अगदी थोडी वर आली आणि चारुशीलाच्या चष्म्यावर बसली. क्षणभर तिला काही दिसलं नाही. मग काच आपली आपण निवळत गेली आणि पातेलं, हात, बाटली, सगळं आधीच्याच जागी होतं.

"आजी, हे विहिरीचं पाणी ना?"

"विहिरीचंच की. सकाळी शेंदलं, गाळलं, उकळलं, आता निववलं. प्रासुक, बिनजिवाचं, केल्याबिगर कसं भरायचं?"

"मागच्या वेळीही असंच भरलं होतं?"

"मग! मी काय येडी हाय व्हय, तसलं पानी तुमच्या हातात द्यायला? पावन्याला तरी देतंय का कोन?" चंपाबाई हसल्या. मग जरा गंभीर झाल्या. "खरं सांगू का, तुमी त्या नळीतनं थेंब दावला न्हवं, तवापास्नं माजं काळीज हाललं बगा. पान्यात जीव असत्यात हे आमाला आईच्या पोटातनं ठावं हाय. पर डोळ्यानं बगितलं की येगळं वो. कसं वळवळत हुतं! त्यास्नी बाटलीत कोंडायचं, वर पूड घालून मारायचं, आन ते पाप कुनाच्या माथी? त्यातनं चतुर्मास अजून सरल्याला न्हवता. मी बस्तीत समद्या बायकांस्नी बसवून सांगितलं, बायांनो, पैलं गाळा, फडक्यावरचं जीव विहिरीत परत सोडा, पानी प्रासुक करा, मग बाटली भरा. समद्यांनी आयकलं. एकीनं चुकीवलं न्हाई."

मोबाइल हे सगळं टिपत होता. लाल ठिपका चालूच होता. चारुशीलाला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आपल्याला आश्चर्य वाटलेलं नाही. तिला राग आला नाही, हसू आलं नाही. वाटलं ते फक्त एवढंच की आपण या घरात आधीच कधीतरी येऊन हे ऐकून गेलो आहोत. पुरानं दोनदा धुतलेली विहीर, पलीकडून जाणारा ओढा, ओढ्याला लागून वीटभट्टीवरच्या माणसांच्या खोल्या आणि उघड्यावरचं सगळं. आणि त्यातली एकही बाटली काळी नाही. ओला हात झाकणाला लागला तरी एखादी बाटली काळी पडते, हे ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगत आली होती. तो निकाल समोर आला त्या दिवशी तिला शंका आली होती. पण बाहेर हार आणलेले लोक उभे होते, आणि हार लवकर सुकतात. तिनं ती शंका तशीच आत ठेवून दिली, पाहुणे आल्यावर कपड्यांचा ढीग पलंगाखाली सरकवतात तसं. आता चंपाबाईंनी तो पदरानं ओढून बाहेर काढला होता, आणि वर विचारत होत्या, "मॅडम, बरूबर हाय न्हवं?"

चारुशीला म्हणाली, "हो. भरा तुम्ही."

तिनं चित्रण थांबवलं, मोबाइल अर्धा हात पुढं सरकवला, पातेलं बाहेर राहील आणि हात तेवढे दिसतील असं बघितलं आणि पुन्हा सुरू केलं. सुरकुतलेले, स्वच्छ, जराही न थरथरणारे हात. पाण्याची बारीक धार खुणेपर्यंत आली आणि अचूक थांबली. फार सुंदर आलं होतं ते.

परतताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. आष्ट्याच्या स्टॉपवर पेरूची खोकी चढली, उतरली. तिच्या डोक्यात मात्र सूक्ष्मदर्शक होता. हिरवडीचा नव्हे, त्याच्याही आधीचा, तात्यांचा. तात्या साताऱ्यात शाळामास्तर होते आणि रविवारी सकाळी राजवाड्यासमोर घडीचं टेबल टाकून लोकांना तळ्यातल्या पाण्याचा थेंब दाखवायचे. मी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः बघा, असं ओरडून सांगायचे. भाजी घेऊन चाललेली माणसं पिशवी खाली ठेवायची, एक डोळा मिटायची, वाकायची. "दिसलं?" "दिसलं, दिसलं, मास्तर." एकानंही कधी दिसलं नाही असं म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. एकदा तात्यांनी तिलाही वाकवलं. तिला स्वतःच्या पापणीचे केस दिसले, जाड, काळे, वेळूच्या बेटासारखे, आणि त्यांच्यामागं एक करडा उजेड. ती म्हणाली, दिसलं. तात्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्यासाठी ती आणखी दहा वेळा तसं म्हणाली असती. मास्तर उन्हात उभा आहे, घसा कोरडा करतो आहे, त्याला नाही कसं म्हणायचं? माणसं विज्ञानाला आली होती ती लग्नाला यावं तशी, मान राखायला. एसटीत बसल्या बसल्या तिला वाटलं, आपल्याही कामात तेच झालं. फरक एवढाच की तात्यांच्या टेबलावरून कुणी काही पिऊन गेलं नाही.

हा फरक तिनं झटकन बाजूला सारला, पण तो गेला नाही. तो भट्टीवरच्या माणसांच्या रूपानं समोर येऊन उभा राहिला. बाटल्या वाटल्या त्या दिवशी बस्तीच्या पायऱ्यांवर गर्दी होती. चंपाबाईंचा मुलगा पारस, पंचायतीचा सदस्य, हातात मोबाइल घेऊन एकेक घर नोंदवत होता. गर्दीच्या मागं एक माणूस उभा राहिला, विटांच्या धुळीनं भुवया तांबड्या झालेला. जतकडचा, गुंडा त्याचं नाव. बापाची मेंढरं दुष्काळात विकून इकडं आलेला. त्याच्या मागं त्याची बायको, सोनम, कमरेवर घागर, दुसरा हात पोटावर. पाचवा-सहावा महिना असेल. गुंडा म्हणाला, "आमाला न्हाई का बाटली, अक्का?"

चारुशीलानं पारसकडं बघितलं. पारस खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांचं आज हितं, उद्या तितं, मॅडम. ॲपमधी घर नंबर लागतोय. त्यांना कुठला घर नंबर आनायचा?"

ते खरंच होतं. ॲप चारुशीलानंच करून घेतलं होतं. लोकांसाठी विज्ञान खुलं करायचं तर दाराला चौकट लागतेच, आणि चौकटीला नंबर. ती गुंडाला म्हणाली, "पुढच्या फेरीत नक्की देऊ हं." सोनम हसली. हसताना तिनं घागर दुसऱ्या कमरेवर घेतली. एवढंच. भट्टीवरच्या खोल्यांतली एक बाटली काळी झाली असती तर बाकीच्या सगळ्या स्वच्छ बाटल्या खोट्या पडल्या असत्या. भट्टीवर सरपण विटांना लागतं, पाण्याला नाही. ते पाणी विहिरीतून निघायचं तसं त्या बाटलीत गेलं असतं.

पुरानंतर त्या खोल्यांना पंचायतीचा टँकर येत होता. विहिरीचा निकाल लागला तशी ग्रामसभा झाली, चारुशीलाला मधल्या खुर्चीवर बसवलं, नारळ दिला आणि पारस उभा राहून म्हणाला, "आता टँकर कशाला? आपली हीर पास झाली हाय. आपल्या आयाबहिनींनी तपासलीया, कुठल्या सायबानं न्हाई." टाळ्या झाल्या. टँकर बंद झाला. वाचलेल्या पैशातून बस्तीच्या गल्लीत फरशी घालायचं ठरलं. पारसला पुढच्या निवडणुकीत सरपंच व्हायचं होतं आणि फरशीवर पाय ठेवणारा माणूस कुणाची फरशी हे विसरत नाही. सगळ्यांना काही ना काही मिळालं होतं. त्या सभेत भट्टीवरचं कुणी नव्हतं. दुपारी भट्टी चालू असते.

टँकर बंद होऊन महिना होऊन गेला होता. एसटी सांगलीत शिरेपर्यंत तिनं एवढं पक्कं केलं की आज फोन करायचा. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले. नळाखाली हात धरला तेव्हा पाणी थंडगार लागलं, आणि ती बराच वेळ तसाच धरून उभी राहिली. अवधूत, तिचा नवरा, बाहेरून म्हणाला, "पाणी वाचवा असं भाषण आहे ना शुक्रवारी?" तो बँकेत होता आणि त्याचे विनोद व्याजासारखे ठरल्या वेळी यायचे. ती नळ बंद करून बाहेर आली आणि तिनं पारसला फोन लावला.

"पारस, एक सांगायचं होतं. सगळ्यांना म्हणावं, पाणी उकळूनच प्या. काळजी म्हणून."

"आवं मॅडम, आमी जल्मापास्नं उकळूनच पितोय की! तुमी आता नव्यानं सांगताय व्हय?" पारस मनापासून हसला. "का वो? काय झालं काय?"

इथं एक जागा होती. तिला ती जागा स्पष्ट दिसली, जिन्यावर एक पायरी कमी असल्यासारखी. भट्टीवरच्यांना सांगा, टँकर सुरू करा, तुमच्या आईनं पाणी उकळून भरलं होतं, निकाल चुकला. चार वाक्यं. त्या चार वाक्यांनी शुक्रवार गेला असता. शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबून तीच वाक्यं बोलली तर पाणी तेच राहणार होतं, चूक तीच राहणार होती, आणि शुक्रवारही राहणार होता.

"नाही, काही नाही," ती म्हणाली. "हवा बदलतेय ना."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. हे तिला नंतर सगळ्यात जास्त आठवत राहिलं, की हलकं वाटलं होतं. उकळून प्या असं आपण सांगितलं. शब्द तोंडातून गेले. ज्यांच्या कानावर पडायला हवे होते त्यांच्या कानावर पडले नाहीत, पण म्हटलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. असलं अर्धं सत्य फार सोयीचं असतं. वेळ पडली तर ते दाखवता येतं, आणि तोवर कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

साताऱ्याला गेली तेव्हा तात्या इस्त्रीचा सदरा घालून दुपारपासून तयार बसले होते. आता त्यांना ऐकू जवळजवळ येत नव्हतं. यंत्र कानात घालायचे, पण बॅटरी संपेल म्हणून बंद ठेवायचे. सभागृहात ते पहिल्या रांगेत बसले, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, हनुवटी काठीवर. दिवे मंद झाले आणि पडद्यावर चंपाबाईंचे हात आले. धार खुणेपर्यंत आली, थांबली. सभागृहात कुणीतरी "वा" म्हणालं. चारुशीला बोलत होती. ज्ञान प्रयोगशाळेच्या भिंतीआड का राहावं, बाटली ज्याच्या हातात विज्ञान त्याचं, असलं सगळं. आवाज तिचाच होता, आणि तो इतका खरा वाटत होता की तिचाच त्याच्यावर विश्वास बसत चालला. बोलता बोलता तिला हेही कळत होतं की यातलं एकही वाक्य खोटं नाही. बायकांनी बाटल्या भरल्या, हे खरं. काळजीनं भरल्या, हे तर फारच खरं.

शेवटी वाईहून आलेली एक तरुण बाई उभी राहिली. राजेश्वरी असं काहीसं नाव तिनं सांगितलं. "मॅडम, एकही बाटली काळी नाही? आमच्याकडं हात लागूनसुद्धा दोन-तीन बिघडतात, म्हणून विचारते."

सभागृह वळून चारुशीलाकडं बघू लागलं.  मग तिनं हसून म्हटलं, "आमच्या हिरवडीच्या बायका फार काटेकोर आहेत."

लोक हसले आणि मग टाळ्या वाजू लागल्या. राजेश्वरीही हसली आणि खाली बसली. मान राखला तिनं. टाळ्या वाजवणाऱ्यांत तात्याही होते, सगळ्यांच्या थोडे मागं राहून. बाजूच्याचे हात हलताना बघून त्यांनी सुरू केलं होतं. बाहेर चहाच्या टेबलाशी ते म्हणाले, "चारू, मला अक्षर ऐकू आलं नाही. पण सगळे ऐकत होते. बघितलं मी." त्यांचे डोळे पाणावले होते. तिनं त्यांच्या बशीत चहा ओतला. शुक्रवारची संध्याकाळ झाली होती. आता चार वाक्यं बोलायची होती. तिनं पर्समधून फोन काढला तर त्याच्यावर पारसचेच तीन फोन येऊन गेले होते.

"मॅडम, भट्टीवर कावीळ आलीया. सात-आठ जनं पडल्यात. त्या गुंडाच्या बायकोला सांगलीला हलवलंय, पोटुशी हाय ती. तुमची कुनाशी वळख हाय का तितं?"

ओळख होती. रात्री ती सांगलीला पोचली तेव्हा ओळखीचा उपयोग एवढाच झाला की तिला वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊ दिलं. सोनमचे डोळे हळदीत बुडवल्यासारखे झाले होते. ती कुणालातरी कानडीत हाका मारत होती, आई असावी, आणि जिला हाका मारत होती ती जतच्या पलीकडं कुठंतरी होती. गरोदरपणात ही कावीळ फार वाईट, डॉक्टर म्हणाले, निम्म्या वेळी हाताशी काही राहत नाही. गुंडा बाहेर भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. भुवयांवरची धूळ अजून गेली नव्हती. त्यानं चारुशीलाला ओळखलं आणि उठून उभा राहिला.

"अक्का, तुमी? पान्याच्या बाई न्हवं तुमी?"

"हो."

"लय उपकार झालं, आलासा." त्यानं वॉर्डाच्या दाराकडं बघितलं. "पानी चांगलं हाय म्हनलं हुतं न्हवं? मंग हे कशानं झालं वो? मी हिला भायरचं कायबी दिलं न्हाई. तिला टँकरचं पानी नकूच हुतं, डिझेलचा वास मारायचा. हीर पास झाली तवा लय खूश झाली. म्हनली, आता पोटातल्यालाबी चांगलं पानी."

तो आरोप करत नव्हता. तो खरोखर विचारत होता, जाणत्या माणसाला विचारावं तसं. चारुशीला म्हणाली, "तपासून बघायला हवं."

सोनम दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. पोटातली मुलगी तिच्या आधी काही तास. डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं की ही लागण आजची नाही, महिन्यामागची असणार, या काविळीला अंगात रुजायला इतका वेळ लागतोच. चारुशीलानं ते वाक्य झेललं, गर्दीत हातातून सुटलेली पिशवी झेलावी तसं. महिन्यामागची. म्हणजे मंगळवारच्या फोनचा याच्याशी संबंध नाही. ती गप्प राहिली त्या दिवसांनी सोनमला मारलं नव्हतं. रिक्षात बसून तिनं हे पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं आणि दरवेळी ते बरोबर निघालं. विश्रामबागेपर्यंत ते तिला पुरलं. मग चौकात रिक्षा थांबली आणि तिच्या लक्षात आलं की गप्प राहण्यानं नाही मारलं, तर मग निकालानं मारलं. आणि निकाल तर तिचाच होता, नाव घालून, हार घालून. शिवाय त्या चार दिवसांतही भट्टीवरची माणसं घागरी भरतच होती. त्यांच्या अंगात काय रुजलं ते महिन्यानं कळणार होतं.

आरोग्य खात्याची माणसं येऊन विहिरीचं पाणी स्वतः भरून घेऊन गेली. ते काळं पडायला दोन दिवसही लागले नाहीत. टँकर पुन्हा सुरू झाला. आधीच्या निकालाचं काय, अशी वरून विचारणा झाली. चारुशीलानं खुलासा लिहिला. तो लिहायला तिला फार वेळ लागेल असं वाटलं होतं, पण एका बैठकीत झाला. नमुने घेताना सहभागी नागरिकांकडून प्रक्रियेत त्रुटी राहिली. स्थानिक धार्मिक प्रथेमुळे पाणी उकळून भरण्यात आले. यापुढे सहभागींच्या प्रशिक्षणावर भर द्यावा लागेल. यातही एकही वाक्य खोटं नव्हतं. समितीला तो खुलासा प्रामाणिक वाटला. अपयश इतक्या मोकळेपणानं मांडणारं कुणी विरळाच, असं अध्यक्ष म्हणाले म्हणे, आणि प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा तिच्याकडंच द्यायचं ठरलं.

ती हिरवडीला गेली तेव्हा गल्लीत फरशी बसवून झाली होती. चंपाबाई आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. समोर माळ होती, पण हातात नव्हती. त्यांचे मालक शांतिनाथ सोप्यात होते. एरवी "या, या, मॅडम" म्हणून बसायला सतरंजी टाकणारे, ते आज नुसते सरकून बसले. चारुशीला आत गेली.

"पारसनं वाचून दावलं," चंपाबाई म्हणाल्या. "नागरिकांची चूक, असं लिवलंय. नागरिक म्हंजे कोन, मॅडम? मीच न्हवं?"

"एकट्या तुम्ही नाही, आजी."

"पर समद्यास्नी सांगितलं मीच न्हवं? बस्तीत बसवून सांगितलं." त्यांचा आवाज चढला नाही. "मुंगी पायाखाली येऊ ने म्हनून मी जल्मभर खाली बगून चालले. आन हे दोन जीव गेलं. मला तुमी मंगळवारी इचारलं हुतं, मागच्या येळंला असंच भरलं का. मी व्हय म्हनले. तवा चुकलं असं तुमी का म्हनला न्हाई?"

 बाहेर शांतिनाथ खोकले. चारुशीलाच्या मनात उत्तर तयार होतं, एकच होतं, आणि ते बोलल्यानं या बाईच्या डोक्यावरचं निम्मं ओझं खाली उतरलं असतं. मला कळलं होतं, आजी. आधीपासूनच संशय होता. तुमची चूक नव्हती, विचारणं माझं काम होतं. तिनं तोंड उघडलं. दाराशी पारस येऊन उभा राहिला होता, आणि पारसच्या पोटात काही राहत नाही हे तिला माहीत होतं.

"तेव्हा मलाही नीट लक्षात आलं नव्हतं," ती म्हणाली.

चंपाबाईंनी मान हलवली, समजल्यासारखी. त्यांनी ते खरं मानलं. त्यांच्या घरी आलेल्या माणसाचं बोलणं खोटं मानायची रीत नव्हती. चारुशीलानं पाणी मागितलं. या घरात पाहुण्याला पाणी मागावं लागत नसे. चंपाबाई उठल्या नाहीत. त्यांनी सुनेला हाक मारली. "प्रीती, मॅडमना पानी आन गं." आणि मग जमिनीकडं बघत म्हणाल्या, "माज्या हातनं न्हाई आता. कुनालाच न्हाई. मी नेम घेतलाय."

परत येताना, आणि पुढं नव्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी बसून, चारुशीलानं आपल्या बाजूचा खर्च पुष्कळदा शोधला. काहीतरी गेलं असलं पाहिजे असं तिला वाटायचं, काही गेलं असतं तर बरं झालं असतं. झोप? झोप येत होती. तात्या? ते तर साताऱ्यात आपल्या गल्लीत सगळ्यांना टाळ्यांचं सांगत होते. अवधूतनं तर पेढे आणले. पारस सरपंच झाला. विहिरीला जाळी बसली. हिरवडीच्या गल्लीतल्या कुणाला साधा ताप आला नाही, ते सगळे उकळून पीत होते. गुंडा विटा अर्ध्यावर टाकून जतकडं परतला, एकटाच, आणि मुकादमाकडं हिशेबाला आला नाही. भट्टीवरचे बाकीचे हळूहळू पिवळ्याचे पांढरे झाले आणि पुन्हा उन्हात उभे राहिले. चंपाबाईंच्या हातचं पाणी ज्यांनी जन्मभर प्यायलं, त्यांना ते पुन्हा मिळालं नाही, आणि देणं हेच जिचं मोठेपण होतं तिच्याकडं देण्यासारखं काही उरलं नाही. खर्चातलं उरलेलं सगळं सोनमनं दिलं, आणि जिचं अजून नावही ठेवलं नव्हतं तिनं.